घरचं पनीर कधी रबर, कधी भुगा: आंबट कधी घालायचं आणि कधी थांबायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की तेच दूध, तेच पातेलं, तेच लिंबू, तरी एकदा पनीर चिवट रबरासारखं होतं, एकदा कापायला घेतलं की भुगा पडतो, आणि परवा तर भाजीत टाकल्यावर निम्मं ग्रेव्हीतच विरघळून गेलं. मग लिंबू सोडून व्हिनेगर वापरू का, दूध बदलू का, आणि ते भांडंभर पाणी उरतं ते टाकवत नाही त्याचं काय करू. आधी थोडक्यात सांगते. लिंबू की व्हिनेगर हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, त्याने फार फरक पडत नाही. दोन गोष्टींनी पडतो, आंबट घालताना दूध किती गरम होतं आणि आंबट घालणं तुम्ही कधी थांबवलंत. पनीरचं नशीब त्या दोन-तीन मिनिटांत ठरतं, नंतर कितीही वजन ठेवा नाहीतर बर्फाच्या पाण्यात बुडवा, तिथे जे बिघडलंय ते सुधारत नाही.

मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे म्हशीचं दूध घेऊन पनीर करून द्यायचं काम घरातूनच सुरू झालं आणि अजून तेच करते, त्यामुळे रोजचं बघितलेलं सांगतेय. थोडं लांबेल पण कारण कळलं की परत कुणाला विचारायला लागत नाही.

दुधात दोन प्रकारची प्रोटीन्स असतात. मोठा वाटा केसीनचा, साधारण ऐंशी टक्के, आणि बाकीची व्हे प्रोटीन्स, म्हणजे चीज करताना जी पाण्याबरोबर निघून जातात ती. केसीनचे बारीक बारीक कण दुधात तरंगत असतात आणि एकमेकांना लांब ठेवतात म्हणून दूध पातळ राहतं. आंबट पडलं की हे लांब ठेवणं संपतं आणि ते एकमेकांना चिकटायला लागतात, फॅटला पण आपल्याबरोबर ओढून घेतात. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो. दूध गार असेल तर केसीन पूर्ण खाली बसायला पीएच ४.६ पर्यंत आणावा लागतो, म्हणजे दह्यासारखं आंबट. पण तेच दूध ७५-८० अंशाला गरम असेल तर ५.३ च्या आसपासच फुटतं. म्हणून गरम दुधाला आंबट कमी लागतं आणि पनीर गोडसर राहतं, आणि कोमट दुधात लिंबू पिळत बसलं की दोनाची चार लिंबं जातात, फुटतं अर्धवट, वर पनीर आंबट लागतं.

दुसरी गोष्ट अशी की दूध एकदा चांगलं गरम केलं, ८५-९० अंशापर्यंत, की ती व्हे प्रोटीन्स पण उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. मग फुटताना दोन्ही बरोबर खाली येतात. म्हणून पनीरचा उतारा रेनेटने (चीजसाठी दूध गोठवायचं एन्झाइम) केलेल्या चीजपेक्षा जास्त पडतो, आणि म्हणूनच पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असलं तरी पनीरसाठी ते परत उकळीला आणायचं. नुसतं हवं तेवढं गरम करून लगेच लिंबू घातलं तर पनीर होईल पण हाताला कमी येईल.

आता यातली गोम. दूध उकळीला आणायचं, पण उकळत्या दुधात आंबट घालायचं नाही. बहुतेक रेसिपीत लिहिलेलं असतं की दूध उकळलं की लिंबू घाला, आणि तुमचं जे चिवट पनीर झालं ते नक्की असंच झालं असणार. खदखदत्या दुधात आंबट पडलं की गुठळ्या पटकन आवळतात, आतलं पाणी बाहेर फेकतात, आणि त्यात गॅस चालूच राहिला आणि फुटल्यावर पण दोन मिनिटं उकळू दिलं तर मग ते रबर होणारच. गॅस बंद करा, चमच्याने हलवत रहा, साय धरू देऊ नका, आणि ७५ ते ८० अंशाला उतरलं की मग आंबट. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मिळाला तर घ्याच, पनीरसाठी यापेक्षा उपयोगी वस्तू नाही. नसेल तर एक लिटरला गॅस बंद केल्यावर साधारण सात-आठ मिनिटं, थंडीत थोडी कमी, दोन लिटरला जास्त. घाई असेल तर अर्धी वाटी गार पाणी घालायचं, त्याने काही बिघडत नाही, ते पाणी शेवटी निघूनच जाणार आहे.

याच्या उलटंही होतं. दूध फार उतरलं, ६० च्या आसपास आलं आणि मग आंबट घातलं तर गुठळ्या मऊ, ओल्या राहतात, पाणी धरून ठेवतात. दाबल्यावर वडी झाल्यासारखी दिसते पण ग्रेव्हीत उकळायला लागली की सुटते. तुमच्या परवाच्या भाजीचं हे एक कारण असू शकतं. दुसरं पुढे सांगते.

आंबट किती आणि कसं. लिंबाचा रस सरळ पिळायचा नाही, पाण्यात मिसळून घालायचा. एक लिटर म्हशीच्या दुधाला साधारण २ ते २.५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं, म्हणजे अर्धा छोटा चमचा, ते २०० मिली गरम पाण्यात विरघळवून घ्यायचं. हेच डेअरीतलं एक टक्क्याचं सोल्यूशन. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल, किराणा दुकानात पुडीत मिळतं, बघून खाण्यायोग्य लिहिलेलंच घ्या. लिंबू वापरायचं तर साधारण ४० मिली रस, म्हणजे मध्यम दोन-तीन लिंबं, त्यात तेवढंच किंवा जास्त गरम पाणी. पांढरं व्हिनेगर असेल तर तीन मोठे चमचे पाण्यात मिसळून. पाणी गरम घ्या, दुधाच्या जवळपासचं, कारण गार पाण्याची धार जिथे पडते तिथलं दूध एकदम उतरतं आणि गुठळ्या एकसारख्या येत नाहीत. मला स्वतःला लिंबूफूल आवडतं कारण ते रोज सारखंच असतं. लिंबू उन्हाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं, एक रसाळ निघतं एक कोरडं, त्यामुळे "दोन लिंबं" या मापाला अर्थ राहत नाही. व्हिनेगरचा वास मात्र पनीर नीट धुतलं नाही तर मागे राहतो, म्हणून मिठाईचं पनीर असेल तर व्हिनेगर टाळा. दह्यानेही होतं, चांगलं आंबट दही वाटीभर घुसळून, पनीर मऊ येतं आणि चव छान लागते, फक्त दह्याचा आंबटपणा रोज वेगळा म्हणून अंदाज नजरेने घ्यावा लागतो.

घालताना बारीक धारेने घाला, दुसऱ्या हाताने उलथन्याने किंवा लांब चमच्याने सावकाश, तळापासून वर असं हलवा. भाजी परततो तसं ढवळलं की गुठळ्यांचा चुरा होतो आणि मग ते कण परत एकमेकांना धरत नाहीत, वडीचा भुगा होण्याचं हे एक मोठं कारण. आणि नजर गुठळीवर नको, पाण्यावर ठेवा. आधी दूध दाणेदार दिसेल, मग गुठळ्या, मधलं पाणी अजून दुधाळ. मग एका क्षणी पाणी स्वच्छ होतं, फिकट हिरवट-पिवळं. तो हिरवट रंग दुधातल्या रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी २ जीवनसत्त्वाचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो रंग दिसला की तिथेच हात थांबवायचा. वाटीत आंबट पाणी उरलं असेल तर उरू दे. वाटी संपवायची म्हणून सगळं ओततात हीच घरोघरी होणारी चूक आहे, आणि मी शिकवायला बसले की सगळ्यात जास्त वेळ यावरच जातो. गरजेपेक्षा जास्त आंबट झालं की पनीर पाणी नीट धरत नाही, उतारा कमी पडतो, ठिसूळ होतं आणि आंबट लागतं. तुमचा भुगा झालेला दिवस आठवून बघा, त्या दिवशी लिंबं मोठी होती का?

पाणी दुधाळच राहिलं तर मात्र लगेच अजून लिंबू पिळू नका. झाकण ठेवून मिनिटभर थांबा, बऱ्याचदा तेवढ्यात फुटतं. नाही फुटलं तर मंद गॅसवर थोडं गरम करा, आणि त्यानंतरही दुधाळ असेल तर एक-एक चमचा आंबट. दुधाला नेहमीच्या दुप्पट आंबट लागत असेल तर दुधावरच संशय घ्या. उन्हाळ्यात दूध टिकावं म्हणून काही जण त्यात सोडा टाकतात, मग आधी तो सोडा मारण्यातच तुमचं लिंबू खर्ची पडतं, पनीर पण बेचव येतं. दूध कुठून घेता ते एकदा बदलून बघा, फरक लगेच कळतो.

फुटल्यावर झाकण ठेवून पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, गॅस बंद. गुठळ्या खाली बसतात, एकमेकांना धरतात. मग ओल्या मलमलच्या फडक्यात ओता. श्रीखंडाला चक्का बांधतो तेच फडकं चालेल पण ते साबणाने नाही तर उकळत्या पाण्यात काढलेलं असावं, साबणाचा वास पनीर पटकन ओढून घेतं, आणि पनीरला दोन दिवसांत बुरा येत असेल तर दोष बहुतेक फडक्याचाच असतो. इथे आता एक गोष्ट लक्षात ठेवा की चक्क्यासारखं रात्रभर टांगायचं नाही. पनीर गरम असतानाच दाबायचं, पाणी निथळताना ते ६३ अंशाच्या खाली जाऊ देऊ नये असा डेअरीवाल्यांचा हिशोब आहे. गरम गुठळी मऊ असते म्हणून दाबली की दुसरीत मुरते, गार झालेल्या गुठळ्या नुसत्या शेजारी शेजारी बसतात. वरून वडी छान दिसते आणि सुरी लावली की गुठळी गुठळी सुटते. फडक्यात बांधून सिंकवर टांगलं, फोन आला, अर्ध्या तासाने वजन ठेवलं, झालं. ग्रेव्हीत विरघळणाऱ्या पनीरचं ते दुसरं कारण हेच.

लिंबाने केलं असेल तर दाबायच्या आधी वरून वाटीभर गरम पाणी ओतून घ्या, आंबटपणा उतरतो. गार पाणी ओतू नका, आत्ताच सांगितलं ते कारण. मिरी, जिरं, मीठ, कोथिंबीर काही घालायचं असेल तर याच वेळी हलक्या हाताने मिसळायचं.

वजन किती, हे लोक अंदाजपंचे ठेवतात. कोणी पाटा ठेवतं, कोणी नुसता डबा. साधा हिशोब सांगते, साधारण १० सेंमी बाय १० सेंमीची वडी असेल, म्हणजे दोन लिटर दुधाची, तर चार-पाच किलो वजन पंधरा-वीस मिनिटं. पाण्याने भरलेला पाच लिटरचा स्टीलचा डबा किंवा छोटी कळशी बरोबर बसते. महत्त्वाचं म्हणजे वजन सपाट बसलं पाहिजे, म्हणून भोकाची चौकोनी टोपली किंवा तळाला भोकं पाडलेला डबा आणि त्यात बसेल अशी फळी. नुसत्या फडक्याच्या गाठोड्यावर वजन ठेवलं तर मधे दगड आणि कडेला भुगा. तासन् तास वजन ठेवायची काही गरज नाही, त्याने फक्त कोरडं होतं.

मग लगेच फ्रीजच्या गार पाण्यात, जमलं तर बर्फ टाकून, दोन-तीन तास. आतलं फॅट घट्ट होतं, वडी बसते, सुरी स्वच्छ चालते. हे केल्याशिवाय गरम गरम कापून बघायचा मोह होतो, तो टाळा. पाणी पिण्याचंच घ्या, शक्यतो उकळून गार केलेलं, कारण दूध उकळून जंतू मारले आणि मग नळाच्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवलं तर काय उपयोग.

आता दूध. भाजीच्या पनीरला म्हैस, मिठाईच्या छेन्याला (न दाबलेलं मऊ पनीर) गाय, हे जुने हलवाई सांगतात ते अगदी बरोबर आहे. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, कॅल्शियम जास्त, केसीनचे कण मोठे, म्हणून गुठळी घट्ट येते आणि वडी कापता येते. आमच्याकडच्या पंढरपुरी म्हशीचं दूध तर घट्ट असतंच, कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून लोक उभ्याउभ्या पितात ते दूध. अशा दुधाचं पनीर करताना वजन कमी ठेवलं तरी चालतं. पिशवीचं घेत असाल तर फुल क्रीम घ्या, पाठीमागे ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, लिहिलेलं असतं. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, त्याचं पनीर होतं पण चिवटपणाकडे झुकतं, डबल टोन्डचं तर करूच नका, दात लागेल असं होतं. तुम्ही "तेच दूध" लिहिलंय पण पिशवीचा रंग बघा, दुकानदाराकडे फुल क्रीम संपलं की तो टोन्ड देतो आणि आपण बघत नाही. आणि एक, आदल्या दिवशी साय काढून घेतलेल्या दुधाचं पनीर करतात आणि मग विचारतात मऊ का नाही झालं, मऊपणा तुम्ही तुपाच्या भांड्यात काढून ठेवलाय ना.

गायीचं दूध असेल तर सगळं थोडं सौम्य करायचं, आंबट जरा कमी लागतं, वजन कमी, आणि वडी फार घट्ट होईल ही अपेक्षा सोडायची. भुर्जी, पराठा, कोफ्ता यांना गायीचंच छान लागतं. रसगुल्ला करायचा असेल तर वजन ठेवायचंच नाही, छेना गार पाण्याने धुवायचा, टांगून निथळवायचा, चुरा राहणार नाही इतपत तळहाताने मळायचा. म्हशीच्या छेन्याचे रसगुल्ले घट्ट होतात, रस पीत नाहीत.

होमोजिनाइज्ड दूध, म्हणजे ज्यावर साय येत नाही ते, त्यातलं फॅट बारीक फोडलेलं असतं, त्याची गुठळी मऊ आणि ओली येते. चालतं, पण हाताने फार सांभाळावं लागतं. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूध मात्र फार वर तापवलेलं असतं, त्याचं पनीर बारीक रवाळ होतं, वडी धरत नाही. अमेरिकेतल्या माझ्या भाचीची हीच तक्रार असते, तिथे ऑरगॅनिक दूध बरंचसं अल्ट्रा पाश्चराइज्ड असतं, लेबल वाचून साधं पाश्चराइज्ड घ्यायचं. आणि तिथलं होल मिल्क म्हणजे ३.२५ टक्के फॅट, आपल्या टोन्डच्या जवळपास, म्हणून एका गॅलनला एक कप हेवी क्रीम घालायचं, फॅट पाच टक्क्यांच्या आसपास जातं आणि पनीर आपल्यासारखं येतं.

गोठ्यावरून दूध घेत असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. म्हैस नुकती व्यालेली नाही ना, कारण चीक उतरायला काही दिवस जातात, ते दूध आंबट न घालताच तापवल्यावर घट्ट होतं, त्याचा खरवस करा, पनीर नको. आणि सडाला दगडी (कासेला सूज येणारा आजार) झालेल्या जनावराचं दूध खारट लागतं, त्याचा उतारा पडत नाही, ते वापरूच नये.

तापवताना आपोआप नासलेल्या दुधाचं पनीर करायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. उन्हाळ्यात दूध फ्रीजबाहेर राहिलं, वास ठीक आहे, फक्त गरम केल्यावर फुटलं, तर थोडं आंबट घालून पूर्ण फोडा, धुवा, त्याच दिवशी भुर्जीला किंवा साखर घालून आटवून संपवा. वडीची अपेक्षा नको, आधीच आंबलेल्या दुधाचं पनीर नेहमी कमजोर होतं. कडू वास, तार सुटणं, रंगात फरक, यातलं काहीही असेल तर टाकून द्या, जीव हळहळला तरी.

भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. आधी पातेल्यात अर्धी वाटी पाणी फिरवून मग दूध ओता, लागायची शक्यता कमी होते. थोडं जरी करपलं तरी सगळ्या पनीरला वास येतो आणि तो जात नाही. ॲल्युमिनियम, तांबं, बिनकल्हईचं पितळ यात आंबट घालू नका.

उतारा किती यायला पाहिजे हे माहीत असलेलं बरं, म्हणजे आपलं बरोबर चाललंय का कळतं. म्हशीच्या फुल क्रीम दुधाचं लिटरला साधारण २०० ग्रॅम, चांगलं जमलं तर थोडं जास्त. गायीच्या दुधाचं दीडशे ते पावणेदोनशे. लिटरमागे अडीचशे-तीनशे ग्रॅम आलं तर आनंद मानू नका, आत पाणी राहिलंय. नियमात पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के आणि कोरड्या भागात दुधाचं फॅट निदान ५० टक्के हवं असं आहे. याच हिशोबाने बाजारभाव पण तपासता येतो. एक किलो पनीरला पाच लिटर म्हशीचं दूध. दूध ७० रुपये धरलं तर नुसत्या दुधाचेच ३५० झाले, गॅस, मजुरी, बर्फ वेगळं. मग कुणी दोनशे रुपये किलोने "म्हशीचं पनीर" देत असेल तर ते दुधाचं कसं असेल ते तुम्हीच सांगा. बरंचसं ते पाम तेल आणि दूध पावडरचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं नकली पनीर असतं. ॲनालॉग म्हणून लिहून विकलं तर घेणाऱ्याला निदान कळतं, पनीर म्हणून विकलं की ती फसवणूक, आणि आमच्यासारखे दूध फोडून करणारे त्या भावापुढे टिकत नाहीत, म्हणून याबद्दल मला मनापासून बोलावंसं वाटतं. घरी एवढं बघता येतं की छोटा तुकडा पाण्यात उकळून, गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. तेल मात्र असं कळत नाही, त्याला लॅबच लागते.

ठेवायचं कसं. घरचं पनीर फ्रीजमध्ये पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून, चार-पाच दिवस. बाहेर ठेवलं तर त्याच दिवशी संपवा. फ्रीजरमध्ये टिकतं जास्त पण आतल्या पाण्याचा बर्फ होऊन वितळल्यावर ते जाळीदार आणि ठिसूळ होतं, भुर्जीला ठीक, टिक्क्याला नाही. फ्रीजमधलं घट्ट झालेलं पनीर दहा मिनिटं कोमटपेक्षा जरा गरम, चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात ठेवा, मऊ होतं. तळून घालायचं असेल तर तळून लगेच त्याच पाण्यात टाका. आणि भाजीत पनीर शेवटी, दोन-चार मिनिटांपुरतंच, वीस मिनिटं उकळलं तर चांगलं पनीरही चिवट होणार.

आता पाणी. त्यात सगळं प्रोटीन असतं असं ठिकठिकाणी सांगतात, ते पनीरच्या पाण्याला तितकंसं लागू नाही, वर सांगितलं तसं व्हे प्रोटीनचा मोठा भाग गरम केल्यामुळे पनीरमध्येच गेलेला असतो. पाण्यात राहते ती मुख्यतः दुधातली साखर, क्षार, आणि थोडंसं प्रोटीन. तरी टाकायचं नाहीच. चपातीची कणीक, थालीपिठाचं पीठ यात भिजवा, चपाती मऊ राहते. कढीला, सूपला, ग्रेव्हीला पाण्याऐवजी घाला, फक्त मग टोमॅटो आणि मीठ जपून. डाळ शिजवायला वापरू नका, आंबट पाण्यात तूरडाळ, चणे लवकर शिजत नाहीत, कुकरच्या शिट्ट्या वाढत जातात. डाळ शिजल्यावर आमटीत घाला, मग छान लागतं.

आणि रोज किंवा दिवसाआड पनीर करत असाल तर त्यातलंच अर्धा लिटर बाजूला काढा, कोमट झालं की चमचाभर ताक घालून झाकून रात्रभर बाहेर ठेवा. सकाळपर्यंत चांगलं आंबतं, थंडीत अजून थोडा वेळ लागतो. पुढच्या वेळी लिंबाऐवजी तेच वापरायचं, लिटरला साधारण पाव लिटर, गरम करून, आणि थांबायचं तसंच, पाणी हिरवट दिसलं की. माझ्या मते सगळ्यात गोड, मऊ पनीर याचंच होतं. पण ते आंबवलेलं पाणी एक-दोन दिवसांत वापरून टाका, फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवून त्याचं पनीर करू नका, वास बसतो.

या वेळी एकच लिटर घ्या, फुल क्रीम, थर्मामीटर नसेल तर घड्याळ लावून, आणि आंबट पाणी मापून घ्या म्हणजे किती उरलं ते लिहून ठेवता येईल. तुमच्या दुधाला, तुमच्या लिंबाला किती लागतं तो आकडा एकदा हाती आला की पुढच्या वेळी पातेल्यासमोर अंदाज करत उभं राहावं लागणार नाही. कसं झालं ते कळवा, आणि परत बिघडलं तर पाणी कसं दिसत होतं, दुधाळ की स्वच्छ, एवढं आठवणीने लिहा.